पैसे भरण्याआधी, मामा

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार.

नातीला अमेरिकेत शिकायला पाठवायचं म्हणून ताईने पाठवलेलं एजंटचं पत्रक नीट वाचलं. वर लाल अक्षरांत 'अमेरिकेत कुस्तीसाठी १०० टक्के स्पोर्ट्स स्कॉलरशिप' आणि खाली ज्या कॉलेजचं नाव दिलंय, ते एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीमधलं. एनसीएए म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांची मोठी संघटना, आणि डिव्हिजन थ्री हा तिचा तिसरा गट. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजला खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. थोडी नाही, अर्धी नाही, अजिबात नाही. तो नियमच आहे. तेव्हा ताईला आधी सांगा की दीड लाख आगाऊ भरायचे नाहीत. बाकीचं सावकाश वाचा.

हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतं, शिष्यवृत्ती द्यायची नाही तर त्या लोकांना आपली नात हवी कशाला? प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर मी इथे रोज पाहते, कारण अशाच एका छोट्या कॉलेजच्या हिशेब विभागात मी बसते. म्हणून पत्र लिहायला घेतलं.

तुम्ही इतकी वर्षं जिमखाना सांभाळलात. आपल्याकडे प्रत्येक पोराकडून जिमखाना फी घ्यायची आणि त्यातून झोनलचा प्रवास, किट, खेळाडूंचा भत्ता भागवायचा. खेळाडू कॉलेजचं नाव करतो, पण हिशेबाच्या वहीत तो खर्चाच्या बाजूला. इथल्या छोट्या खाजगी कॉलेजात तो जमेच्या बाजूला असतो. कोल्हापुरात पैलवानाला आधी राजाने पोसलं, मग साखर कारखान्यांनी मानधन दिलं. इथे पैलवानच कॉलेजला पोसतो.

तुम्ही टीव्हीवर पाहता ती लाखभर प्रेक्षकांची मैदानं डिव्हिजन वनमधल्या मोठ्या विद्यापीठांची. त्यांच्याकडे टीव्हीचा पैसा येतो. डिव्हिजन थ्रीत सव्वाचारशेच्या आसपास कॉलेजं आहेत, पण एनसीएएच्या वार्षिक उत्पन्नातला ३.१८ टक्के वाटाच या सगळ्यांना मिळून येतो आणि त्यातला तीन-चतुर्थांश राष्ट्रीय स्पर्धा भरवण्यातच जातो. तिकिटांचं उत्पन्न सांगण्यासारखं नाही, आमच्या कुस्त्यांना येतात ते बहुतेक खेळाडूंचे आईवडील. नवं जिम बांधायचं असलं की जुने विद्यार्थी देणगी देतात, भिंतीवर त्यांचं नाव लागतं. पण प्रशिक्षकाचा पगार, बसचं भाडं, मॅट आणि औषधपाणी हा दरवर्षीचा खर्च कॉलेजच्या मूळ बजेटातून होतो आणि ते बजेट उभं असतं विद्यार्थ्यांच्या फीवर.

आता आकडे मांडून दाखवते. हे आकडे कुठल्या खऱ्या कॉलेजचे नाहीत, समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत. समजा कॉलेजची छापील फी आणि राहणं-खाणं मिळून वर्षाला ५०,००० डॉलर. ती पूर्ण क्वचितच कोणी भरतं. इथल्या खाजगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणीच्या फीत सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते, तिला 'मेरिट ग्रँट' वगैरे मोठी नावं असतात. तर हातात येतात समजा २०,०००. मुलींचा कुस्ती संघ काढला आणि ३० मुली आल्या, तर झाले वर्षाला ६ लाख डॉलर. संघाचा सगळा खर्च दीड-दोन लाखांत बसतो. मॅट आणि खोली तर मुलांच्या संघाची आधीपासून असतेच. उरलेला पैसा इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या पगाराला आणि हॉस्टेलच्या छपराला लागतो. नात हवी ती यासाठी, मामा. मॅटवर जिंकण्याआधीच तिने कॉलेजचं काम केलेलं असतं.

म्हणून इथे कुठला खेळ सुरू करायचा हे ठरवताना पहिला प्रश्न 'आपण जिंकू का' हा नसतो. अध्यक्ष, प्रवेश विभागाचे प्रमुख आणि क्रीडा संचालक एका टेबलावर बसतात आणि विचारतात, या खेळाने किती मुलं येतील, आणि ती एरवी आली नसती ना? आजूबाजूच्या शाळांत कुठला खेळ वाढतोय, हे बघतात. आयोवा राज्यात मुलींच्या शालेय कुस्तीला २०२२ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, त्यानंतर मुलींची रांगच लागली. शाळा संपल्यावर या मुली कुठे जाणार, हे कॉलेजांनी लगेच हेरलं. लॅक्रॉससारखा खेळ (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा) काही कॉलेजं मुद्दाम घेतात, कारण तो खेळणारी बरीच मुलं फी परवडणाऱ्या घरांतली असतात. आणि फुटबॉल, म्हणजे इथला अंडाकृती चेंडूचा, तो तर शंभर-शंभर मुलं एकदम आणतो. छोट्या कॉलेजांत मुलींची संख्या बहुधा जास्त असते, त्यामुळे मुलगे वाढवायचा तो हमखास रस्ता.

पण शंभर मुलगे घेतले की कायदा पुढे येतो. १९७२ चा टायटल नाइन. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगे आणि मुली असा भेद करता येत नाही, खेळातसुद्धा. १९७९ मध्ये सरकारने तो खेळांना कसा लावायचा हे स्पष्ट केलं. नियम पाळल्याचं दाखवायचे तीन मार्ग आहेत, त्यातला सरळ मार्ग असा की कॉलेजात मुली जितके टक्के, साधारण तितकेच टक्के खेळाडूंमध्येही हव्यात. फुटबॉलच्या शंभर मुलांचा तोल साधायला मुलींचे संघ काढावे लागतात. आज इतक्या कॉलेजांत मुलींची कुस्ती दिसते त्याला हा कायदा मोठं कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएने तिला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दर्जा दिला, आणि पहिली स्पर्धा २०२६ ची. मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिसमधल्या छोट्या कॉलेजने १९९३ मध्ये देशातल्या कॉलेजांतला पहिला मुलींचा कुस्ती संघ काढला होता. तिथून इथवर यायला तीस वर्षांवर काळ गेला. सांगलीत २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा तुम्ही फोनवर किती भरभरून बोलला होतात, ते आठवतं. इथेही मॅटच्या कडेला उभ्या असलेल्या आयांच्या चेहऱ्यावर तेच दिसतं. पैशाच्या हिशेबातून का होईना, मुलींना आखाडा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

संघ काढून मुलं आणायच्या या मार्गाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मिशिगनमधलं एड्रियन कॉलेज. २००५ मध्ये जेफ्री डॉकिंग तिथे अध्यक्ष झाले तेव्हा विद्यार्थी नऊशेच्याही खाली होते. त्यांनी मैदानं आणि बर्फाचं रिंक बांधलं, एकामागून एक संघ काढले आणि प्रत्येक प्रशिक्षकाला सांगितलं की इतकी मुलं आणायचीच. काही वर्षांतच कॉलेज जवळजवळ दुप्पट झालं. मग सगळ्यांनी तोच धडा गिरवला. पण त्याच कॉलेजने २०२० मध्ये इतिहास, नाट्य असे विभाग बंद करायची घोषणा केली होती, ओरड झाली म्हणून मागे घेतली. संघ वाढले म्हणजे वर्गही भक्कम झाले, असं समजायचं नाही.

शिवाय शेजारच्या चार कॉलेजांनीही तेच संघ काढले की तीच मुलं चौघांत वाटली जातात, आणि प्रत्येकाला सूट वाढवावी लागते. पुढे मुलंच कमी आहेत. २००८ च्या मंदीनंतर इथे जन्म घटले, ती पिढी आता अठराची होतेय. आयोवातलं माउंट प्लेझंटचं आयोवा वेस्लियन १८४२ पासूनचं, तिथे संघ होतेच, तरी २०२३ मध्ये बंद पडलं. आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्नची गोष्ट वाचून तर मला झोप लागली नव्हती. ३१ मे २०२४ ला कॉलेज कायमचं बंद झालं आणि त्या दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात खेळत होता. पोरं खेळत राहिली, मागे कॉलेजच उरलं नव्हतं.

उलटा निर्णय घेणारीही आहेत. स्वार्थमोर हे पेनसिल्व्हेनियातलं नावाजलेलं कॉलेज. तिथे प्रवेशाला रांग, मुलांची टंचाई नाहीच. वर्षाला पावणेचारशेच्या आसपास जागा आणि त्यातल्या फार जागा फुटबॉल खातो, म्हणून २००० च्या डिसेंबरात त्यांनी फुटबॉल बंद केला. त्याबरोबर कुस्तीही गेली, याचं मात्र वाईट वाटतं. अटलांटातलं स्पेलमन हे कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज. तिथे सुमारे २,१०० मुलींपैकी ८० जणी संघांत आणि त्यांच्यावर वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च. त्यांनी २०१३ मध्ये स्पर्धेचे संघच थांबवले आणि तो पैसा सगळ्या मुलींच्या व्यायामाकडे आणि आरोग्याकडे वळवला. मला हा निर्णय फार पटतो. ज्याला मुलं आपोआप मिळतात, त्याला 'खेळ कोणासाठी' हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो. आमच्यासारख्यांना फीच्या आकड्याकडे बघूनच विचारावा लागतो.

आता आपल्या पोरीचं. इथल्या कॉलेजात मुली फ्रीस्टाइलच खेळतात, त्यामुळे तिला नवीन काही शिकावं लागणार नाही. मुलांचं तसं नाही, त्यांचा कॉलेजचा प्रकार वेगळा असतो. एनसीएएच्या मुलींच्या कुस्तीत वजनगट दहा, १०३ पौंडांपासून २०७ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ४७ ते ९४ किलो. दहा वजनगट म्हणजे मुख्य संघात दहा मुली. आणि वरच्या हिशेबात संघात किती होत्या? तीस. उरलेल्या वीसजणी सराव करतात, फी भरतात, कधीमधी खुल्या स्पर्धेत उतरतात. प्रशिक्षक खोटं बोलत नाही, पण 'तू आमच्या संघात असशील' आणि 'तू खेळशील' यात फरक आहे. तुम्ही वस्तादांच्या जातीचे, तुम्हाला तो एका वाक्यात कळेल. ताईला मात्र समजावून सांगावा लागेल.

तिला खरोखरच कुस्तीच्या जोरावर यायचं असेल तर एनएआयए नावाची दुसरी संघटना आहे. तीही बरीचशी छोट्या कॉलेजांचीच, पण तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते. आयोवातल्या डी मॉइनचं ग्रँड व्ह्यू विद्यापीठ त्यातलंच, कुस्तीत मोठं नाव. मुलींच्या कुस्तीचं अधिकृत अजिंक्यपद एनएआयएने एनसीएएच्याही आधी, २०२३ मध्ये सुरू केलं. तिथेही पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच मिळते, बहुतेकींना तुकडा मिळतो. डिव्हिजन थ्रीत यायचं तर बारावीच्या गुणांवर मिळणारी ग्रँट हाच आधार. म्हणून तिला सांगा, तालमीइतकाच वेळ अभ्यासाला दे. ग्रँटचे पैसे गुणांवरच ठरणार आहेत.

कुठल्याही कॉलेजशी बोलताना ग्रँट चारही वर्षं टिकणार का आणि किती गुण राखावे लागतील, हे पत्रात लिहून मागायचं. प्रशिक्षकाला विचारायचं की गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या किती मुली होत्या आणि त्यांतल्या यंदा किती उरल्या. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजायचं. १९९४ च्या कायद्यामुळे संघ असलेल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत आपल्या खेळाडूंची संख्या आणि संघांचा खर्च जाहीर करावा लागतो, तो कोणालाही बघता येतो. मी काढून देते. खाजगी कॉलेजांचे कराचे कागदही उघड असतात, त्यावरून कॉलेज तोट्यात आहे का ते मी वाचून सांगते, हे माझं रोजचं कामच आहे. आणि तिला फिजिओथेरपीकडे जायचंय, तर तिकडे नेणारे विषय त्या कॉलेजात नीट शिकवतात का, हे सगळ्यात आधी. पाय मोडला तरी जिथे शिकावंसं वाटेल, असंच कॉलेज निवडू या.

खर्चाचं एक राहिलं. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय दाखवावी लागते. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला कॉलेजच्या आवारातच आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, आणि सराव, प्रवास, अभ्यास सांभाळून तेवढे तासही जमत नाहीत. एजंटने 'तिथे काम करून फी निघेल' म्हटलं असेल तर ते साफ खोटं. जमीन गहाण टाकायचा विषय ताईने काढलाय असं मामी म्हणाल्या. मामा, तेवढं होऊ देऊ नका.

तिच्या दोन-तीन चांगल्या कुस्त्यांचे व्हिडिओ, दहावीचं गुणपत्रक आणि सध्याचं वजन पाठवा. हरलेली एक कुस्तीही पाठवा, प्रशिक्षक त्या जास्त बारकाईने बघतात. आयोवा आणि मिसूरीमधल्या एनएआयए कॉलेजांची यादी मी करतेय, आधी तुम्हाला पाठवीन, मग ताईला. रविवारी सकाळी तुमचा चहा झाला की फोन करते, तेव्हा तिलाही जवळ बसवा. तिला स्वतःला काय हवंय ते अजून कोणी मला सांगितलेलं नाही.

मामींना नमस्कार, तिला खूप आशीर्वाद. गुडघ्याची गोळी वेळेवर घ्या.

तुमची भाची