सुभेदार साहेब, त्या रात्री तुम्ही घरी आलात त्याबद्दल

जय हिंद साहेब,

समोर बसून हे बोलायला मला जमणार नाही, तुम्ही लगेच "अरे त्यात काय एवढं" म्हणणार, चहा मागवणार आणि विषय बदलणार. म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण भांडुप, कळवा, डोंबिवली, बदलापूर, कुठेही बघा, आपल्यासारखे कितीतरी माजी सैनिक स्वतःच्या लायसन्सच्या बंदुकीवर गनमॅनची नोकरी करून संसार चालवतायत. त्यातल्या कुणावर माझ्यासारखी वेळ आली तर त्याला कळायला पाहिजे की तुम्ही काय केलंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे दोन हत्यारं होती. एक बारा बोअरची डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, रिटायर होऊन मुंबईत आल्यावर नोकरीसाठीच घेतली, कारण साध्या गार्डपेक्षा गनमॅनला पगार बरा मिळतो. दुसरं .३२ चं रिव्हॉल्व्हर, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं, रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेलं. त्याचा रोजच्या कामाला काही उपयोग नाही, पण पलटणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला आपलं स्वतःचं एक हत्यार कपाटात आहे याचं काय वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आर्म्स ॲक्ट म्हणजे हत्यार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तसंही एका माणसाला दोनच ठेवता येतात, आधी तीन चालायची, म्हणजे माझा कोटा पुरा होता.

मग ज्या बँकेच्या शाखेवर होतो तिथलं आमच्या एजन्सीचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. एजन्सीने मागचे तीन महिन्यांचे पगार अडकवले, आज देतो उद्या देतो. बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता, भांडुपच्या खोलीचं भाडं, पोरीचं बी फार्मचं पहिलं वर्ष. पेन्शन येत होती म्हणून चूल पेटत होती, पण पेन्शन आली की हप्त्यात जायची आणि पाच तारखेनंतर महिना कसा काढायचा हा रोजचा प्रश्न. उसने मागून झाले, हिच्या पाटल्या गेल्या, आणि मग घरात आणि नातेवाईकांत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, ते लोखंड कशाला सांभाळताय, विकून टाका.

आता विकायचं म्हटलं तरी काय विकायचं यावर प्रत्येकाचं वेगळं. मेहुणा म्हणे दोन्ही काढा. पोरगी म्हणे बाबा रिव्हॉल्व्हर ठेवा, तुमचा जीव आहे त्यात, बंदूक काढा, तशीही नोकरी गेलीये. मलाही ते पटत होतं. आणि त्यातच आमच्या भागातला एक जण येऊन सांगून गेला की रिव्हॉल्व्हर आज देत असाल तर आज रोख देतो, कागदबिगद नंतर बघू. आकडा असा सांगितला की दोन हप्ते आणि कॉलेजची फी एका दिवसात निघाली असती. त्याला मी काहीच उत्तर दिलं नव्हतं. पण झोप उडाली होती साहेब, आणि ती फक्त पैशाने उडाली नव्हती.

तुम्हाला हिने फोन केला होता हे मला नंतर कळलं. तुम्ही रात्री नऊला आलात, चप्पल काढली, पाणी प्यायलात आणि मला वाटलं आता किंमत विचारतील, गिऱ्हाईक सुचवतील. तुम्ही विचारलंत, "झोप लागते का?" मी म्हटलं नाही. मग तुम्ही सरळ विचारलंत, "डोक्यात स्वतःला संपवायचे विचार येतात का?" हिच्यासमोर विचारलंत, आवाज न चढवता, पलटणीत सिक रिपोर्टला आजारी जवानाला विचारतात तसं. इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारलं की खरं सांगता येतं हे मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. ही रडायला लागली, तुम्ही तिला थांबवलं नाहीत, मलाही लेक्चर दिलं नाहीत. एवढंच म्हणालात, "विकायचं का ठेवायचं ते महिन्याभराने ठरवू. आधी दोन्ही हत्यारं घरातून बाहेर."

मी म्हटलं साहेब, हत्यार दुसऱ्याकडे ठेवायचं म्हणजे कमीपणा. त्यावर तुम्ही जे बोललात ते माझ्या अजून कानात आहे. "इलेक्शनला पोलीस ठाण्यात रिव्हॉल्व्हर जमा करतोस ना? २०२४ मध्ये लोकसभेला केलंस, विधानसभेला केलंस. तेव्हा कमीपणा वाटला? पावती घेतलीस, निकाल लागल्यावर परत आणलंस. हे तसंच. तुझ्या घरात सध्या आचारसंहिता लागलीये असं समज."

त्या रात्री दोन्ही हत्यारं होती त्या कपाटाची किल्ली तुम्ही बरोबर घेऊन गेलात आणि सकाळी किल्ली घेऊन परत आलात. तुम्हीच दोन्ही हत्यारं उघडून रिकामी असल्याची खात्री केलीत, मला हात लावू दिला नाहीत. काडतुसं मोजून लायसन्सवरच्या नोंदीशी ताळा केलात, ती वेगळ्या डब्यात, बंदूक कव्हरमध्ये, रिव्हॉल्व्हर पाऊचमध्ये. टॅक्सीचे पैसे तुम्ही दिलेत. फोर्टातल्या त्या डीलरच्या काउंटरवरचा म्हातारा माणूस भिंग लावून फ्रेमवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत होता आणि तुम्ही लायसन्सवर बोट ठेवून प्रत्येक आकड्याला "बरोबर" म्हणत होता. मग रजिस्टरला नोंद, सेफ कस्टडीची पावती, दोन सह्या. बाहेर फुटपाथवर आलो आणि मला एकदम भूक लागली, किती दिवसांनी कुणास ठाऊक. हे तुम्हाला तेव्हा बोललो नव्हतो.

लायसन्सधारकाला आपलं हत्यार अधिकृत डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून ठेवता येतं, लायसन्स रद्द होत नाही, हत्यार आपलंच राहतं, हे माझ्यासारख्या वर्षानुवर्षं बंदूक बाळगलेल्या माणसाच्याही डोक्यात अशा वेळी येत नाही. डीलर ठेवणावळ घेतो पण ती फार नसते. घरात पैशाची तंगी आहे, माणूस गप्प झालाय, जेवत नाही, रात्र रात्र बसून राहतो, आणि घरात हत्यार आहे, तर किंमतबिंमत सगळं नंतर. आधी हे. याबाबतीत माझं मत आता कुणी बदलू शकणार नाही. माझ्या मोबाईलमध्ये तुम्ही त्याच दिवशी टेली मानसचा १४४१६ नंबर सेव्ह करून दिलात, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात. मी दोनदा बोललो. पुढे डॉक्टरकडेही गेलो, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड होतंच, ते कशासाठी असतं ते तुम्ही आठवण करून दिलंत.

आता हिशोबाचं. डोकं जरा ठिकाणावर आल्यावर तुम्ही वही घेऊन बसलात. मला वाटत होतं ज्यात जीव आहे ते ठेवायचं आणि पडून आहे ते विकायचं. तुम्ही दोन रकाने केलेत. डबल बॅरल, विकली तर जुन्या बारा बोअरला आज भाव किती, तर फार काही नाही, दोन महिने निघतील. ठेवली तर? तर गनमॅनचा पगार आणि साध्या गार्डचा पगार यातला जो फरक आहे तो दर महिन्याला, हातपाय चालतायत तोवर. आणि एकदा ती लायसन्सवरून गेली की पुन्हा घ्यायची म्हटलं तर परवानगी, पोलीस ठाण्याचा रिपोर्ट, क्रॉफर्ड मार्केटला पोलीस आयुक्तालयाच्या चकरा, सगळं पहिल्यापासून. रिव्हॉल्व्हरच्या रकान्यात, विकलं तर चांगला भाव कारण कानपूरच्या मालाला मागणी आहे, ठेवलं तर महिन्याला शून्य. वहीवर ते दोन आकडे शेजारी शेजारी बघितले आणि मला वाईट वाटलं, पण वाद घालायला जागाच उरली नव्हती. तुम्ही म्हणालात, "बंदूक तुला पोसते. रिव्हॉल्व्हरला तू पोसतोस." बस, तिथे ठरलं.

आणि त्या रोखवाल्या माणसाचं. मी नुसतं नाव काढलं आणि तुमचा चेहरा बदलला. आर्म्स ॲक्ट १९५९, पाचवं कलम, खाजगी माणसाला आपलं हत्यार विकायचं तर घेणाऱ्याकडे त्या हत्याराचं लायसन्स पाहिजे, त्याचं नाव पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. त्याआधी हत्यार हलवायचं नाही. आणि लायसन्स नसलेल्याला बेकायदा विकलं तर २०१९ पासून कमीत कमी ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. तुम्ही म्हणालात, "दोन हप्त्यांसाठी सात वर्षं? आणि ते उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडलं तर पहिला नंबर तुझा लागणार." ज्यांना पैशाची घाई आहे त्यांना ४५ दिवस म्हणजे फार वाटतात, मला पण वाटले, पण अशा घाईत असलेल्या माणसालाच असली गिऱ्हाईकं बरोबर शोधत येतात, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

पुढचं सगळं कागदाचं काम होतं आणि त्यात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त फिरलात. डीलरच्या ओळखीतून एक व्यापारी मिळाला, त्याच्या लायसन्सवर .३२ ची जागा होती. अर्ज, त्याच्या लायसन्सची झेरॉक्स, युआयएन म्हणजे लायसन्सधारकाचा ओळख नंबर, पोहोच घेतलेली प्रत. एका खिडकीवर साहेब जेवायला गेलेत, दुसऱ्या खिडकीवर उद्या या. मी चिडायचो, तुम्ही नाही. मुदत संपल्यावर पैसे बँकेतून बँकेत, एक रुपया रोख नाही, आणि माझ्या लायसन्सवरून रिव्हॉल्व्हरची नोंद कमी झाली. हत्यार डीलरकडेच होतं, तिथूनच गेलं. मी बघायला आलो नाही, तुम्हीही ये म्हणाला नाहीत, याचेही आभार.

त्या पैशात थकलेले हप्ते गेले आणि हिच्या पाटल्यांपैकी एक सुटली. दुसरी पण सुटेल.

पोरीच्या फीचं तर तुम्ही मला हत्यार विकून भरूच दिलं नाहीत. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे, बी फार्मसारख्या कोर्सला चालते, बारावीला ६० टक्के लागतात, अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो, आणि मुलींसाठी २०१९ मध्ये ती महिन्याला ३००० रुपये केली होती, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माझ्या शेजारी बसून तुम्ही समजावलंत. पोरगी पहिल्या वर्षाला होती म्हणून वेळेत झालं. पगाराची तक्रार पण तुम्हीच लिहून घेतलीत, कंत्राटदार पगार देत नसेल तर ज्याच्या जागेवर काम केलं त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते हे त्यात घातलंत, आणि नोटीस गेल्यावर तीनपैकी दोन महिन्यांचे पैसे आले. तिसऱ्याचं चालू आहे.

आणि डबल बॅरल आहे म्हणूनच दादरच्या पेढीवर काम लागलं. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच होता, हत्यार स्वतःचं आहे का. ती डीलरकडून परत आणायची वेळ आली तेव्हा तुम्ही आधी डॉक्टरला विचारायला लावलंत, मग हिला विचारलंत, "वहिनी, घरात आली तर चालेल का? मनात असेल ते सांगा." तिने अट घातली, काडतुसं घरात नकोत आणि बंदुकीच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे. पेढीच्या तिजोरीत ठेवायची सोय मालकाने केली, काडतुसं तिकडेच, त्यामुळे तो प्रश्न सुटला. पण तिला विचारलंत हे ती अजून सगळ्यांना सांगते. आमच्या घरात हत्याराबद्दल तिला आधी कुणीच काही विचारलं नव्हतं.

साहेब, तुम्ही पैसे दिले नाहीत, तुमच्याकडेही पेन्शनच आहे. तुम्ही दिवस दिलेत, टॅक्सी, लोकल, लाइनी, झेरॉक्स, दुखऱ्या गुडघ्याने आयुक्तालयाचे जिने. माझे वडील असते तर त्यांनी याहून जास्त केलं नसतं. मनापासून आभार.

आता एक काम आहे. कळव्याला आपल्याच ट्रेनिंग सेंटरचा नाईक हुद्द्याचा एक जण आहे, त्याची पण एजन्सी बंद झाली, परवा फोनवर म्हणाला बारा बोअर काढतोय, आणि ज्या आवाजात म्हणाला तो आवाज मला ओळखता आला. मी त्याला झोपेचं विचारलं, तो गप्प झाला. रात्रीच त्याच्याकडे गेलो होतो, त्याच्या भावाला सगळं सांगितलंय, बंदूक सध्या पोलीस ठाण्यात जमा केलीये, पावती भावाकडे आहे. शनिवारी त्याला तुमच्याकडे घेऊन येतो. वही काढून ठेवा.