बाबांचे पैसे ठेवण्याआधी

सॅक्रामेंटो

प्रिय दादा,
सा. न.

बाबांच्या निवृत्तीचे पैसे महाल भागातल्या पतसंस्थेत ठेवायचं चाललंय, असं वहिनी म्हणाली. व्याज बँकेपेक्षा जास्त आणि संचालकही ओळखीचे. पण चेक द्यायची घाई काहून?

इथे बँकांवर फक्त केंद्र सरकारच नाही, राज्यही नजर ठेवतं. कॅलिफोर्नियाचं 'डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल प्रोटेक्शन अँड इनोव्हेशन' राज्याच्या सनदेवर चालणाऱ्या बँका तपासतं आणि कर्ज देणाऱ्यांना परवाने देतं. पुढच्या तारखेचा चेक लिहून घेऊन पगार होईपर्यंत हातउसने देणारी दुकानं इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांना 300 डॉलरच्या वरचा चेक घेता येत नाही, शुल्क चेकच्या रकमेच्या 15 टक्क्यांच्या वर लावता येत नाही आणि जुनं कर्ज फेडायला नवं देता येत नाही. गरजवंताला सावकारीच्या चक्रात अडकवतो तो हाच शेवटचा प्रकार, म्हणून मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

सिलिकॉन व्हॅली बँक 10 मार्च 2023 ला याच खात्याने बंद केली. बँकेने ठेवी लांब मुदतीच्या रोख्यांत गुंतवल्या होत्या. व्याजदर वाढले तशा रोख्यांच्या किमती पडल्या, लोक घाबरले आणि आदल्या एका दिवसात त्यांनी 42 अब्ज डॉलर काढून घेतले. प्रत्येक ठेवीदाराला विमा 2,50,000 डॉलरपर्यंतचाच होता. बाकीच्या ठेवीही सोमवारी मिळाल्या, पण त्यासाठी केंद्राला खास निर्णय घ्यावा लागला. पुढे खात्याने स्वतःचीच चौकशी करून आपण बँकेकडून दुरुस्ती वेळेत करून घेतली नाही, असं अहवालात लिहिलं. असं लेखी कबूल करणाऱ्या खात्यावर माझा विश्वास वाढला. तरी देखरेख असतानाही बँक बुडू शकते, हेही त्यातून दिसलंच.

आता आपलं बघ. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येते आणि तिथे प्रत्येक ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेचं तसं नाही. ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदलेली असते आणि ठेव विमा महामंडळाचं कवच तिला नाही. ठेव ठेवायला सभासद व्हावं लागतं, म्हणजे बाबा तिथे नुसते ग्राहक राहणार नाहीत. सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. कित्येकांनी गावोगावच्या छोट्या दुकानदारांना उभं केलंय. पण बाबांची आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी, तीही विम्याविना, हे मला पटत नाही.

उपनिबंधक कार्यालयात जाऊन संस्थेचा लेखापरीक्षण वर्ग, म्हणजे हिशेब तपासणीत तिला मिळालेली श्रेणी, विचार. थकीत कर्ज किती आहे, तेही त्या तपासणीच्या अहवालात बघ. ओळखीच्या संचालकांना विचारायला संकोच वाटला, तर माझं नाव पुढे कर. आणि राष्ट्रीयीकृत बँकेत ज्येष्ठ नागरिकांना किती व्याज मिळतं, ते वहिनीला विचारून ठेवायला सांग. रविवारी सकाळी बाबांशी मीच बोलते.

तुझी,
छकुली