पिल्लाचं नाक शूमध्ये घासू नका

संपादक महोदय,

आमच्या सोसायटीत सध्या घरोघरी कुत्र्याची पिल्लं आलीयत आणि रोज सकाळी कुणाच्या तरी घरातून आरडाओरडा ऐकू येतो, पिल्लाने लादीवर शू केली की त्याचं नाक त्यात घासतात, कृपा करून हे बंद करा. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर धरूच शकत नाही हो! आमची चिंगी आली तेव्हा आम्हीपण ओरडलो, तर ती सोफ्यामागे जाऊन करायला लागली, म्हणजे शिकली काय तर लपायला. मग झोपून उठली, खाल्लं, खेळून झालं की लगेच उचलून बाल्कनीत, तिथे पेपर अंथरलेला (तुमचाच, राग मानू नका), आणि केलं की त्याच क्षणी चण्याएवढा पनीरचा तुकडा. गोल गोल फिरत जमीन हुंगायला लागली की समजायचं, पळा आता. लसी पूर्ण झाल्यावर तोच ओला पेपर खाली झाडाजवळ नेऊन ठेवला, वासाने तिला जागा कळली. आणि हो, नुसत्या फिनाईलने पुसून भागत नाही, कुत्र्याला वास येतोच, एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा. आम्हाला अडीच महिने लागले, त्यात सासूबाईंचा गालिचा गेला तो गेलाच.

– एक वाचक, पुणे