घर सांभाळणाऱ्याशीही लेखी करार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर भाड्याने देताना भाडेकरूची चौकशी कशी करावी हे सगळेच सांगतात. आधार बघा, पॅन बघा, नोकरी कुठे ते विचारा, पोलिस व्हेरिफिकेशन करा. पण आपल्या आणि भाडेकरूच्या मध्ये जो माणूस उभा राहतो त्याचं काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे. कापायचं झालं तर माझं रडगाणं कापा, आकडे ठेवा.

मी एसटी महामंडळाच्या लेखा शाखेत होते. कंडक्टरच्या वेबिलाचा, म्हणजे तिकीटविक्रीच्या हिशेबाचा, आणि त्याने भरलेल्या रोखीचा मेळ लावण्यात एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही दोघं वाईच्या जुन्या घरी राहायला आलो आणि पुण्यातला सिंहगड रोडवरचा दोन बेडरूमचा फ्लॅट रिकामा पडला. मुलगा बंगळुरूला. बंद घर खराब होतं, भाड्याने दे, असं तोच म्हणाला. आयुष्यात भाड्याच्या घरात दोनदा राहिले होते, पण घर भाड्याने द्यायची ही पहिलीच वेळ.

आमच्याच रस्त्यावर काचेच्या दाराचं एक ऑफिस होतं, बाहेर ‘प्रॉपर्टी मॅनेजमेंट’ अशी पाटी. आत तिशीतला एक मुलगा, बोलायला अगदी गोड. “काकू, तुम्ही वाईला निवांत राहा. भाडेकरू आणणं, भाडं गोळा करणं, नळ-लाइट, सोसायटी, सगळं आमच्यावर सोडा. दर महिन्याला भाड्याचे आठ टक्के, बस.” शिवाय भाडेकरू आणून दिला की माझ्याकडून पंधरा दिवसांचं भाडं आणि भाडेकरूकडून एक महिन्याचं. चहा आला. किल्ल्यांचा जुडगा मी त्याच्या टेबलावर ठेवला आणि स्वारगेटला येऊन वाईची गाडी धरली. पावती मागितली नाही. कंडक्टरच्या थैलीत दोन रुपये कमी निघाले तर त्याला तासभर बसवून ठेवणारी मी, माझ्या घराच्या किल्ल्या दिल्याचा साधा चिठोराही घेतला नाही.

भाडेकरू मात्र त्याने पंधरा दिवसांत आणले, आणि चांगले आणले. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, एक लहान मुलगी. भाडं २२,०००, डिपॉझिट ६०,०००. करार एक मेपासून अकरा महिन्यांचा. “अकरा महिनेच आहेत काकू, नोंदणी लागत नाही, नोटरी करून टाकू,” असं तो म्हणाला. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो खरंच वाटतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यामुळे मी वाचले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, एजंटाची नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करण्याचं ओझं मालकावर येतं.

मी नोंदणीचा हट्ट धरल्यावर त्याने त्याचे ६,५०० लावले. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. आमच्या करारात ते सहाशे-सातशेच्या घरात बसतं. बाकीचे पैसे थंब मशीन घेऊन वाईला आलेल्या मुलाचे आणि त्याच्या साहेबांचे. घरी येऊन अंगठा घेतात, त्याचे दोन पैसे द्यायला माझी हरकत नाही. पण त्या दिवशी मी खरी चूक केली ती वेगळीच. करारात लिहिलं होतं की मालकिणीला डिपॉझिटचे साठ हजार मिळाले. प्रत्यक्षात ते त्याच्या खात्यात गेले होते. “आमच्याकडे सेफ राहतील, सोडताना लगेच द्यायला बरे पडतात,” असं त्याचं म्हणणं. मी अंगठा लावला. मिळाले म्हणून सही द्यायची आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात ठेवायचे, असं आमच्या शाखेत कुणी केलं असतं तर निलंबित झालं असतं.

मग महिने गेले. दर महिन्याला १,७६० कापून २०,२४० यायचे, कधी पाच तारखेला, कधी चौदाला. ऑगस्टमध्ये ‘सोसायटी एनओसी ५,०००’, म्हणजे ना हरकत दाखल्याचे, वळते झाले. ऑक्टोबरमध्ये ‘गिझर बदलला, फिटिंगसह ७,४००’. व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीचा मेसेज, सोबत बिल नाही. मी विचारलं तर “पाठवतो काकू”. ते कधी आलं नाही. एक सांगायला हवं. जुलैत वरच्या मजल्यावरून आमच्या स्वयंपाकघरात पाणी झिरपलं तेव्हा हा मुलगा रात्री साडेदहापर्यंत प्लंबरजवळ उभा होता. वाईहून मी काय करणार होते? भाडेकरूंना फोन करायचा विचार माझ्या मनात बरेचदा आला, पण त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “त्या लोकांना प्रायव्हसी लागते, मालकाचा फोन आला की बिचकतात.”

जानेवारीत डोळे तपासायला पुण्याला गेले होते. संक्रांत नुकतीच झाली होती, पिशवीत तिळगूळ होता, म्हटलं देऊन येऊ. दार त्या मुलीच्या आईने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर ती दोन पावलं मागे सरकली. “तुम्ही मालकीणबाई? आम्हाला तर सांगितलं होतं, तुम्हाला भाडेकरूंनी फोन केलेला आवडत नाही.” दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिने आत बोलावलं. हात-पाय धुवायला बाथरूममध्ये गेले, वर पाहिलं तर माझाच जुना गिझर. खात्री कशी पटली? त्यावर नातवाने चार वर्षांचा असताना चिकटवलेला बेडकाचा स्टिकर होता, एक डोळा निघालेला. खाली वाकलेल्या पाइपवर मी गुंडाळलेली पांढरी टेपसुद्धा तशीच. बाहेर येऊन तिला विचारलं, गिझर कधी बदलला? ती म्हणाली, “बदलला कुठे काकू? कॉइल गेलं होतं. तो म्हणाला मालकीण खर्च देत नाहीत, तुम्हीच करून घ्या. साडेआठशे दिले आम्ही.” ड्रॉवरमधून तिने इलेक्ट्रिशियनची पिवळी पावती काढून दाखवली. ऑक्टोबरचीच तारीख. मी त्या मुलीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मला पुढे काय बोलावं सुचेना.

खाली उतरताना सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. एनओसीचे पाच हजार? ते म्हणाले, असं काही आपण घेतच नाही. सोसायटीला फक्त कराराची प्रत द्यायची आणि कळवायचं. घरात स्वतः राहत नसलात तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागतो, आणि तोही सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आमचं सेवाशुल्क १,६०० आहे, म्हणजे महिना १६० रुपये. पोलिस व्हेरिफिकेशनही झालेलं नव्हतं. ते मी भाचीला शेजारी बसवून त्याच आठवड्यात ऑनलाइन भरलं.

तरीही मी गप्प बसले. सात हजार चारशे अधिक पाच हजार, बुडाले म्हणायचे, करार संपला की बघू, असा विचार. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. “काकू, तुमचे भाडेकरू सोडतायत, त्यांना ऑफिसजवळ घर मिळालंय. नवीन पार्टी तयार आहे, चोवीस हजारांना.” आता माझ्याकडे त्या बाईंचा नंबर होता. विचारलं. त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, “काकू, आम्हाला तर सांगितलंय की तुमचा मुलगा बंगळुरूहून परत येतोय, घर रिकामं करा. मुलीची शाळा इथेच आहे हो.”

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. आठ टक्क्यांनी त्याला अकरा महिन्यांत मिळतात १९,३६०. भाडेकरू बदलला तर, जुनंच भाडं धरलं तरी, एका दिवसात माझ्याकडून ११,००० आणि नव्या भाडेकरूकडून २२,०००, म्हणजे ३३,०००, आणि आठ टक्के पुन्हा चालूच. चांगला भाडेकरू टिकणं मला परवडतं, त्याला परवडत नाही. त्याच्या दृष्टीने माझं घर दर अकरा महिन्यांनी रिकामं झालं तरच ते चांगलं घर. मुलगा लबाड होताच, पण ही मोडतोड आमच्या व्यवहारातच होती आणि त्या व्यवहाराला चहा पिऊन हो म्हणणारी मी होते. शिवाय कर भरताना कळतं ते असं, की घरभाड्याच्या उत्पन्नातून मिळते ती ठरलेली तीस टक्क्यांची वजावट. मॅनेजरला दिलेले आठ टक्के त्यातच आले, वेगळे मागता येत नाहीत.

त्याचं काम मी काढून घेतलं. भाडेकरू राहिले, नवा करार थेट आमच्यात झाला. आता डिपॉझिट. त्याने ६०,००० पैकी ३६,५०० परत केले. कापलेल्या २३,५०० चा हिशेब असा: ‘रंगकाम ८,५००, सर्व्हिस क्लोजर १५,०००’. भाडेकरू घरातच आहेत, भिंतीवर त्यांची कॅलेंडरं आहेत, आणि रंगकाम! मी वाद घातला तेव्हा तो पहिल्यांदाच काकू न म्हणता बोलला. “मॅडम, तुमच्याकडे लेखी काय आहे?”

काहीच नव्हतं. भाडेकरूशी नोंदणीकृत करार, अंगठ्यांसकट. ज्याच्या हातात किल्ल्या, भाडं आणि डिपॉझिट दिलं त्याच्याशी एक ओळही नाही. आणि कागदोपत्री साठ हजार मी घेतलेले, म्हणजे ते भाडेकरूंना पूर्ण परत करणं माझ्यावरच.

यात सरकारचाही भाग आहे. रेरा, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवणारा कायदा, आला २०१६ मध्ये, एजंटांना नोंदणी आली, असं आपण ऐकतो. पण त्या कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. भाड्याने घर लावून देणारा किंवा सांभाळणारा त्यात येत नाही. २०२१ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात ‘प्रॉपर्टी मॅनेजर’ला स्वतंत्र प्रकरण आहे. मालकाने त्याला कोणत्या कामासाठी आणि किती काळासाठी नेमलं आहे ते भाडेकरूला कळवायचं. मॅनेजरने भाडं घेतलं की पावती द्यायची, घराची पाहणी करायची, अत्यावश्यक दुरुस्त्या करायच्या. ही कामं केली नाहीत किंवा मालकाच्या सूचनांविरुद्ध वागला तर मालकाच्या किंवा भाडेकरूच्या अर्जावर भाडे न्यायालय त्याला काढू शकतं किंवा भरपाई लावू शकतं. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, हेही त्यातच. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात या मधल्या माणसाला नावच नाही. सगळा नमुना जसाच्या तसा आणा असं मी म्हणत नाही, त्यावर भाडेकरूंचे वेगळे आक्षेप असतील. पण मॅनेजरचं ते प्रकरण उचलून आपल्या कायद्यात घालायला कुणाची हरकत असावी?

तोवर मी माझ्यापुरता एक पानी कागद केला आहे. सासूबाईंना सोडून दर महिन्याला पुण्याला जाणं होत नाही, म्हणून माणूस लागतोच. आता आमच्या इमारतीतलेच एक निवृत्त वायरमन घर बघतात. भाडं थेट माझ्या खात्यात येतं, त्यांचे महिना हजार मी पाठवते, भाडेकरू बदलला म्हणून एक पैसा जास्त नाही. दोन हजारांवरचा खर्च मला विचारून, दुकानाच्या पावतीसकट, जुना भाग फेकायच्या आधी फोटो काढून. किल्ल्या किती दिल्या, महावितरणच्या मीटरचं रीडिंग किती होतं, गिझर कोणता, पंखे किती, हे सगळं त्याच कागदावर, खाली तिघांच्या सह्या, भाडेकरूंचीही. सही करताना वायरमनकाका म्हणाले, “ताई, एवढं कशाला? आपण काय परके आहोत?” मी म्हटलं, परके नाही म्हणूनच.

काचेच्या दाराच्या ऑफिसला मी २३,५०० साठी स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं आहे, सोबत पिवळ्या पावतीची झेरॉक्स आणि बेडकाच्या स्टिकरसकट गिझरचा फोटो. पोच आली आहे. पैसे आलेले नाहीत.

आपली,
एक निवृत्त लेखापाल, वाई, जि. सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)