मुलाखतीत स्वतःबद्दल बोलायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

कारखान्याच्या पर्सोनेल विभागातून निवृत्त झाल्यावर तुम्ही आमच्या तंत्रनिकेतनातल्या मुलामुलींकडून मुलाखतीची तयारी करून घेतलीत आणि मानधनाचा विषय एकदाही काढू दिला नाहीत. तोंडी आभार मानून झाले. पण तुम्ही जे शिकवलंत ते चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या कामाचं आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, आणि तुमची पद्धत जमेल तितक्या तपशिलानं त्यात मांडतो आहोत.

‘तुमची बलस्थानं सांगा’ म्हटलं की डिप्लोमाचं मूल काय बोलतं ते तुम्हाला पाठ आहे. हार्डवर्किंग, पंक्च्युअल, क्विक लर्नर, टीम प्लेयर. बायोडाटातही हेच, कारण तो आधीच्या बॅचच्या बायोडाटावरून केलेला असतो. तुम्ही या शब्दांची कधी टिंगल केली नाहीत. प्रत्येक शब्दावर शांतपणे तीन प्रश्न टाकलेत: हे कुठे केलंस? त्यातलं तू स्वतः काय केलंस? आणि ते नीट झालं हे कशावरून? पहिल्या प्रश्नाला बहुतेकांकडे काहीतरी असतं. दुसऱ्याला ‘आम्ही ग्रुपनं केलं’ येतं. तिसऱ्याला शांतता. या तिसऱ्या प्रश्नापर्यंत जे टिकतं तेच मुलाखतीत बलस्थान म्हणून सांगायचं, बाकीचं घरी ठेवायचं, हा तुमचा नियम आम्ही आता मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

मुलाखत घेणारं पॅनेल असे प्रश्न का विचारतं याचं मूळही तुमच्यामुळे कळलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी काम केलेल्या जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञानं, माणसाबद्दल मतं गोळा करण्यापेक्षा प्रत्यक्ष प्रसंगात त्यानं नेमकं काय केलं ते नोंदवायची पद्धत बसवली. त्यावरचा त्यांचा लेख १९५४ सालचा. एचआरवाले ज्याला ‘स्टार’ म्हणतात, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम, तीही त्याच वाटेवरची. मुलांना ही चार नावं पाठ असतात, पण चौघांना सारखाच वेळ देऊन ती फसतात. तुमची वाटणी अशी: परिस्थिती एका वाक्यात, जबाबदारी एका वाक्यात, कृतीला चार-पाच वाक्यं, परिणाम एका वाक्यात आणि शेवटी ‘या कामात त्याचा उपयोग असा होईल’ हे एक वाक्य. एकूण साठ ते नव्वद सेकंद. त्याहून लांबलं की पॅनेलमधला कुणीतरी बायोडाटाचं पान उलटतो, हे तुम्ही टेबलापलीकडून पाहिलेलं असल्यामुळे मुलांना पटलं.

बलस्थान निवडायचं कुठून, यावर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात आणि तो सत्कारणी लागला. आधी जाहिरात घ्यायची आणि तिच्यातली फक्त क्रियापदं अधोरेखित करायची. क्वालिटी इन्स्पेक्टरची जाहिरात असेल तर मोजणे, नोंद ठेवणे, वेगळं काढणे, कळवणे. मेंटेनन्सची असेल तर शोधणे, तपासणे, दुरुस्त करणे, पुन्हा होऊ नये म्हणून काही करणे. स्टोअर्सची असेल तर मोजून घेणे, लावून ठेवणे, जुना माल आधी देणे. मग पानावर दोन रकाने: डावीकडे ही क्रियापदं, उजवीकडे आपण तेच कधी केलं तो प्रसंग. उजवा रकाना भरला तीच आपली बलस्थानं. त्यातली तीन तयार ठेवायची, दोन सांगायची, तिसरं विचारलं तर. स्वभावाची यादी करून मग तिला नोकरी चिकटवायची, हा उलटा उद्योग तुम्ही बंद केलात.

‘पण आम्हाला अनुभवच नाही’ ही तक्रार दरवर्षीची. तुम्ही तिला जे उत्तर द्यायचात त्यातले दोन नमुने इथे देतो, म्हणजे वाचणाऱ्याला किती खोल जायचं याचा अंदाज येईल.

पहिला वर्कशॉपमधला. मुलगी म्हणते, ‘मी कामात अचूक आहे.’ कुठे? शाफ्टच्या, म्हणजे गोल दांड्याच्या, जॉबवर. ड्रॉइंगमध्ये व्यास २० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५. तू काय केलंस? आता उत्तर असं यायला हवं: ‘मापातल्या फरकाला एकूण सवलत (टॉलरन्स) ०.१० मिलिमीटरची होती. मापनाचं साधन तिच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं असावं असा ढोबळ नियम आहे. आमचा व्हर्नियर ०.०२ पर्यंत वाचतो, म्हणून मी ०.०१ वाचणारा मायक्रोमीटर घेतला. आधी त्याचे जबडे मिटवून शून्य तपासलं. टोकाच्या रॅचेटनंच (जास्त आवळलं की घसरणारी फिरकी) आवळलं, म्हणजे प्रत्येक वेळी दाब सारखा. दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजलं, टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळतेपणा, कळावा म्हणून. प्रत्येक जागी काटकोनात फिरवून दोनदा मोजलं, गोलाई बिघडली आहे का ते पाहायला.’ कशावरून बरोबर? ‘सहाही वाचनं लिहून ठेवली, सरांनी त्यांच्या मायक्रोमीटरनं पडताळली.’ यात ‘अचूक’ हा शब्द एकदाही आला नाही तरी चालतं. समोर क्वालिटीचा माणूस बसला असेल तर रॅचेटचं नाव निघताच तो पुढे सरकतो, असं तुम्ही म्हणायचात. आणि हेच सगळं व्हर्नियरनं केलं असेल तर तसंच सांगायचं. न वापरलेल्या साधनाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न त्याच साधनावर येतो.

दुसरा नमुना वर्कशॉपबाहेरचा. ‘मी प्रामाणिक आणि जबाबदार आहे’ हे वाक्य सिद्ध करता येत नाही असं आम्हालाही वाटायचं. तुम्ही गणेश मंडळाच्या वर्गणीचा हिशोब काढलात. पावती पुस्तकांवर अनुक्रमांक होते का? कुठलं पुस्तक कुणाला दिलं याची नोंद होती का? स्थळप्रतींची बेरीज आणि हातातली रोकड रोज जुळवली की शेवटी एकदाच? रद्द झालेली पावती फाडून टाकली की दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवल्या? ज्या मुलानं हे खरोखर केलं आहे तो यातल्या प्रत्येक प्रश्नाला विचार न करता उत्तर देतो, आणि स्टोअर्स किंवा डिस्पॅचच्या जागेसाठी याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. दूध संकलन केंद्रावर फॅटच्या नोंदी घेणारी मुलगी, काकांच्या दुकानात उधारीची वही सांभाळणारा मुलगा, यांना आपल्याकडे सांगण्यासारखं आहे हे तुमच्यामुळे कळलं. त्या कामांना बायोडाटात जागा मिळाली हेही तुमचंच देणं.

‘क्विक लर्नर’चं काय करायचं हे दोन वाक्यांत सांगून तुम्ही पुढे जायचात: काय शिकलास, कुणाकडून, किती दिवसांत, आणि तू एकट्यानं ते केलंस तेव्हा तपासलं कुणी. एवढं सांगता येत नसेल तर तो शब्द काढून टाकायचा.

मेंटेनन्ससाठी जाणाऱ्यांना तुम्ही तपासणीचा क्रमच बोलायला लावलात. मोटर सुरू होत नाही. मी आधी सप्लाय पाहिला, मग फ्यूज, मग ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा). रिले ट्रिप झाला होता. नुसता रिसेट करून सोडला नाही, मोटर चालवून तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरनं मोजला आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडला. दोष शोधायची डोक्यातली शिस्त या क्रमातून ऐकणाऱ्याला आपोआप दिसते. मुलानं क्रम चुकीचा सांगितला, तर ‘मी लॉजिकल थिंकर आहे’ असं दहादा म्हटलं तरी उपयोग नाही.

आपल्याकडच्या मुलांची खरी अडचण तुम्ही अचूक ओळखलीत. घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं की स्वतःची टिमकी वाजवू नये. ती मुलं पॅनेलसमोर ‘आम्ही’च्या मागे दडतात, दुसरी काही एकदम उलट टोकाला जाऊन विशेषणांचा मारा करतात. दोघांनाही तुम्ही एकच सांगितलंत: स्वतःचं कौतुक करायचं नाही, केलेलं काम सांगायचं. प्रकल्प पाच जणांचा असेल तर ‘आमच्या पाच जणांच्या गटात फिक्स्चरचं (जॉब धरून ठेवणाऱ्या चौकटीचं) ड्रॉइंग आणि वेल्डिंगनंतरची तपासणी माझ्याकडे होती’. यात गटालाही श्रेय मिळतं आणि आपला वाटाही स्पष्ट होतो. खेड्यातून आलेल्या, संकोची मुलामुलींसाठी हे एक वाक्य फार मोठा आधार ठरतं, हे आम्ही मनापासून लिहितो आहोत.

आकड्यांबाबत तुम्ही कडक होतात, आणि ते योग्यच. सहा आठवड्यांच्या औद्योगिक प्रशिक्षणात ‘मी रिजेक्शन तीस टक्क्यांनी कमी केलं’ असं म्हणणाऱ्याला शॉप फ्लोअरवरचा माणूस लगेच विचारतो, आधी किती होतं, रोजचं उत्पादन किती, कोणता दोष कमी झाला? तिथे उत्तर कोसळतं आणि त्याबरोबर आधीचं खरं सांगितलेलंही संशयात सापडतं. त्याऐवजी ‘रिजेक्शनच्या नोंदी मी दोषानुसार वेगळ्या लिहायला लागलो, त्यात बर (कडेला राहिलेली धातूची खरखरीत कोर) असलेले पीस सर्वांत जास्त निघाले, ते सुपरवायझरांना दाखवलं’ हे छोटं दिसतं पण भक्कम उभं राहतं.

भाषेचा प्रश्न तुम्ही सोपा केलात. पाठ केलेला इंग्रजी परिच्छेद पहिल्या उपप्रश्नालाच संपतो, मग मूल गप्प. तुमचा सल्ला असा: सुरुवातीची दोन-तीन वाक्यं जमेल त्या इंग्रजीत स्वच्छ बोला, आणि कामाचा तपशील आला की विचारा, ‘सर, हे मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?’ कारखान्यातल्या पॅनेलला तपशील ऐकायचा असतो; नम्रपणे विचारलं तर बहुधा होकारच मिळतो. जिथे कामच इंग्रजी पत्रव्यवहाराचं आहे तिथे मात्र ही सवलत मागू नये, हेही तुम्ही लगेच जोडलंत.

जागेच्या विरोधात जाणारं बलस्थान ही चूक आम्हाला तुम्ही दाखवीपर्यंत दिसलीच नव्हती. असेंब्ली लाइनच्या जागेसाठी ‘मला एकट्यानं, माझ्या गतीनं काम करायला आवडतं’ हे खरं असलं तरी तिथे उणे गुण आहे. ‘मला रोज नवीन काहीतरी हवं असतं’ हे तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्यानं सांगू नये. आणि बलस्थान ‘वक्तशीरपणा’ असेल, पण गुणपत्रिकेसोबत हजेरीची कमतरता किंवा वर्षाचा खंड दिसत असेल, तर त्याचं कारण आधी तयार हवं, नाहीतर दुसरं बलस्थान निवडावं.

सरावाची तुमची रीत आम्ही जशीच्या तशी चालू ठेवली आहे. उत्तर लिहून पाठ करायचं नाही. कार्डावर पाच शब्द फक्त: शाफ्ट, मायक्रोमीटर, रॅचेट, सहा वाचनं, पडताळणी. त्यावरून फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करायचं आणि ऐकताना तीन गोष्टी टिपायच्या: वेळ किती लागला, ‘आम्ही’ कितीदा आलं, ‘म्हणजे’ आणि ‘बेसिकली’ कितीदा. मग अनोळखी वर्गातल्या मुलासमोर बसायचं, कारण मित्र तिसरा प्रश्न विचारत नाही. प्रश्न दर वेळी वेगळ्या रूपात टाकायचा: ‘तुम्हालाच का घ्यावं?’, ‘तुमचे मित्र तुमच्याबद्दल काय सांगतील?’, ‘तीन शब्दांत स्वतःचं वर्णन करा.’ रूप बदललं की पाठांतर उघडं पडतं, आणि प्रसंग नीट माहीत असलेलं मूल यातल्या कुठल्याही दारानं आत येऊन त्याच शाफ्टपाशी पोचतं.

एका गोष्टीचे आभार वेगळे मानायचे आहेत. निवड न झालेल्या मुलांना तुम्ही त्याच आठवड्यात पुन्हा बोलावून घ्यायचात आणि पॅनेलनं विचारलेला प्रत्येक प्रश्न आठवेल तसा लिहून काढायला लावायचात. कुठल्या प्रश्नाला उत्तर अडखळलं तिथे खूण, आणि पुढचा सराव त्या खुणेपासून. नकारानंतर मूल खचतं ते आपण नेमके कुठे कमी पडलो हे न कळल्यामुळे. तुम्ही ते ठिकाण त्याच्या हातात देत होतात. विषयवार साठलेले ते कागद आता आमच्याकडे फाइलमध्ये लावलेले आहेत, आणि यंदाच्या अंतिम वर्षाच्या मुलांना पहिल्या कॅम्पसच्या आधी ते वाचायला मिळतील. तब्येत साथ देईल तेव्हा एखाद्या शनिवारी येऊन त्यांना तिसरा प्रश्न तुम्हीच विचारावा, अशी आमची विनंती आहे.

आपले कृतज्ञ,
प्लेसमेंट विभागातील शिक्षक आणि कर्मचारी