‘संदर्भ हवा’ म्हणणाऱ्या तुम्हाला

सप्रेम नमस्कार,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. गाव, वय, तुम्ही बाई की पुरुष, काहीच नाही. विकिपीडियाच्या चर्चा पानावर चार टिल्डे (~~~~) टाकले की उमटते ती सही आणि तिच्यापुढची वेळ, एवढीच तुमची ओळख. वेळ बहुतेकदा रात्री अकराच्या पुढची. दिवसाची नोकरी आणि घरचं सगळं आवरून तुम्ही माझ्या गावच्या देवळापाशी येत होतात, असा मी अंदाज बांधलाय.

मराठी विकिपीडियावर महादेवाच्या देवळाचा लेख लिहिला आणि दोन दिवस मी नुसता हवेत होतो. तिसऱ्या दिवशी उघडतो तर सहा ठिकाणी तुमची ‘संदर्भ हवा’ ही खूण, म्हणजे या वाक्याला पुरावा द्या. नव्या सदऱ्यावर चिखलाचे शिंतोडे उडावेत तसे. ‘माझा जन्म या गावातला, मला पुरावा मागणारे तुम्ही कोण?’ असं मी तिरीमिरीत लिहिलं. ते वाक्य पानाच्या इतिहासात आजही आहे, मला ते पुसता येत नाही. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: देऊळ छान आहे, चौकटीवरच्या शिलालेखाचा फोटो मिळेल का?

‘हेमाडपंती’ या शब्दावरचं भांडण लवकर मिटलं. काळा दगड आणि चुन्याशिवाय रचलेलं बांधकाम दिसलं की आम्ही सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या यादवांचा मंत्री, आणि अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी हेमाडपंती कसं, असं तुम्ही विचारलंत आणि मी गप्प झालो.

शिलालेखाचं प्रकरण मात्र चांगलं तीन आठवडे चाललं. मी लिहिलं होतं, ‘शके १७०१, म्हणजे इ.स. १७७९’. फोटोत तेलाचा आणि शेंदराचा थर, अक्षरं अर्धी बुजलेली. खरवडू नका, पाण्याने पुसा आणि ऊन तिरपं असताना पुन्हा फोटो काढा, असं तुम्ही सुचवलंत. संध्याकाळी साडेपाचला शिडीवर चढलो. खाली पुजारीकाका शिडी धरून ‘अरे, कशाला?’ करत होते. पण त्या उन्हात अक्षरांच्या कडांना सावली धरली आणि आजवर न दिसलेले शब्द वाचता आले: ‘प्लवंग नाम संवत्सरे माघ शु॥ ५’.

मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तुम्हाला वाटलं. संवत्सरांची, म्हणजे पंचांगातल्या वर्षांची, नावं ६० वर्षांनी फिरून येतात. शके १९४१ हे विकारी संवत्सर होतं. त्यातून साठाची चार आवर्तनं, म्हणजे २४० वर्षं वजा केली की शके १७०१, तेही विकारीच. मग दगडावर प्लवंग कुठून आलं? प्लवंग त्याच्यानंतर आठ वर्षांनी, शके १७०९ ला. म्हणजे मी ज्याला १ समजत होतो तो झिजलेला ९ होता. पुढे तुम्ही हेही दाखवलंत की शकात डोळे मिटून ७८ मिळवायचे नसतात. माघ-फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, तिथे ७९ मिळवायचे. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ची, पण आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो, १६२९ नाही, ते त्यामुळेच. तेव्हा माझं १७७९ निघालं १७८८. एका आकड्याच्या झिजेने आणि माझ्या बेरजेने मिळून नऊ वर्षं खाल्ली होती.

मी आनंदाने १७८८ टाकायला गेलो, तर तुम्ही तिथेही अडवलंत! आपण दोघांनी दगड वाचणं हे मूळ संशोधन, ते कोशात चालत नाही. जाणकाराने वाचून कुठेतरी छापलेलं हवं. ‘हा हिशोब तुमच्यासाठी होता, लेखासाठी नाही.’ त्या रात्री मी लॅपटॉप जरा जोरातच मिटला.

आणि मग ते अहिल्याबाईंचं वाक्य. ‘अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जिर्णोद्धार केला’ हे मी आजीच्या तोंडून ऐकून लिहिलं होतं. तुम्ही संदर्भ मागितलात आणि मी एका पुरवणीचं कात्रण फडकवलं. तुम्ही दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्यात: माझं संपादन आधीचं, पुरवणी चार महिन्यांनंतरची. शिवाय ‘जीर्णोद्धार’ मधला ‘जी’ मी ऱ्हस्व लिहिला होता, तो पुरवणीतही ऱ्हस्वच. माझीच चूक छापून आली आणि मी ती माझाच पुरावा म्हणून घेऊन उभा राहिलो. तुम्हाला माझी टर उडवता आली असती. तुम्ही फक्त लिहिलंत, ‘हे आपल्याकडूनच तिकडे गेलं असावं.’ ‘तुमच्याकडून’ नाही, ‘आपल्याकडून’.

वाक्य मी स्वतः काढलं. १७८८ हे अहिल्याबाईंच्याच काळातलं (त्या १७९५ ला गेल्या), तरी दगडावर त्यांचं नाव नाही. काढताना आजीला खोटं पाडल्यासारखं वाटलं, आणि या बाबतीत माझं तुमच्याशी अजूनही पटत नाही. आमच्या गावाचं निम्मं ज्ञान छापलंच गेलेलं नाही. ज्यांचं छापून आलं त्यांचंच कोशात येणार, हे मला टोचतं. तुम्हीही एकदा ‘मलाही’ एवढंच लिहून पुढच्या लेखाकडे वळला होतात.

तेव्हा आभार मानायचे ते लेखात जे नाही त्याबद्दल. सात परिच्छेदांचे तीन झाले, सालाच्या जागी काहीच नाही, पण त्या तीन परिच्छेदांतलं वाक्य कुणी बोट ठेवून विचारलं तर मला उत्तर देता येतं. बदल्यात तुम्हाला काय मिळालं, तर माझी आगपाखड.

एक बातमी आहे. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका निवृत्त गुरुजींनी या शिलालेखावर लिहिलं होतं म्हणे. प्रत वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटात आहे, ग्रंथपाल शनिवारी किल्ली आणणार आहेत. पान क्रमांक आठवणीने उतरवून घेईन. फक्त गुरुजींनीही १७०१ च वाचलेलं निघालं तर लेखात काय लिहायचं? चर्चा पानावर त्यासाठी नवा विभाग काढून ठेवलाय. सवडीने बघा.

तुमचा,
देवळाचा लेख ज्याने सुरू केला तो
(‘माझा लेख’ म्हणायचं नसतं, हेही तुमच्याकडूनच कळलं)