विरोध तैनातीआधी हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दूरच्या देशावर हल्ला करायचे सरकारच्या मनात आले की विरोधक म्हणतात, आधी संसदेत मतदान घ्या. मागणी रास्त आहे, पण अपुरी. मतदान कोणत्या दिवशी होते यावरच बरेचदा निकाल ठरतो. ब्रिटनमध्ये इराक युद्धाचा ठराव १८ मार्च २००३ रोजी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला. तोवर सुमारे ४६ हजार ब्रिटिश सैनिक आखातात आणि आसपास सज्ज होते. राखीव सैनिकांना बोलावण्याचा आदेश तर जानेवारीतच निघाला होता. अशा वेळी ‘नको’ म्हणणाऱ्या खासदाराला उत्तर तयार असते : सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या पोरांना तोंडघशी पाडता काय? दोन दिवसांत हल्ला सुरू झाला.

तुर्कस्तानात उलटे घडले. उत्तरेकडून इराकमध्ये घुसण्यासाठी अमेरिकेला तिथून ६२ हजार सैनिक न्यायचे होते. बंदरे आणि विमानतळ त्यासाठी तयार करायला संसदेने ६ फेब्रुवारीला परवानगी दिलीही होती. सैन्य उतरवण्याचा प्रश्न मात्र १ मार्चला स्वतंत्रपणे मतास आला. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. ठराव मंजूर झाला असेच आधी वाटले. पण तिथल्या राज्यघटनेनुसार हजर सदस्यांपैकी निम्म्यांहून अधिक मते लागतात. ५३३ पैकी २६७ हवी होती, तीन कमी पडली. अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनची सामग्री घेऊन भूमध्य समुद्रात थांबलेली जहाजे सुएझमार्गे कुवेतकडे वळवावी लागली. युद्ध टळले नाही, हे खरे. पण तुर्की भूमीवरून ते झाले नाही.

जमवाजमव झाली की वेळापत्रकच राज्य करू लागते. वाळवंटात फौज महिनोन्‌महिने नुसती बसवून ठेवता येत नाही. उन्हाळा तोंडावर येतो, खर्च रोज चढतो. मग इराकमधली शस्त्रतपासणीच आटोपती घ्या असा तगादा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रतपासणी पथकाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्चला सुरक्षा परिषदेत सांगितले की उरलेल्या कामाला वर्षे नकोत, आठवडे पुरणार नाहीत, काही महिने लागतील. ते मिळाले नाहीत. म्हणून पुरवणी मागण्या, जहाजे भाड्याने घेण्याचे करार, राखीव सैनिकांना बोलावणे या टप्प्यांवरच सभागृहात प्रश्न लावून धरायला हवेत.

पुराव्याबाबत ‘गुप्तचर अहवाल काय म्हणतो’ एवढेच विचारून भागत नाही. कोण असहमत आहे आणि त्या विषयातले त्याचे ज्ञान किती, हे विचारावे. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी आहेत, असे ऑक्टोबर २००२ च्या अमेरिकी अहवालात होते. या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी, असल्याचा दावा होता. त्या यंत्रांचे खरे जाणकार ऊर्जा खात्यात. त्यांनीच ते अमान्य केले होते, आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागानेही. लोकांसमोर ठेवलेल्या आवृत्तीत या खात्यांची नावे गाळून ‘काहींचे मत वेगळे आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य उरले. इराकने आफ्रिकेतल्या नायजरमधून युरेनियम घेण्याची कागदपत्रे खरी नाहीत, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी ७ मार्चच्या त्याच बैठकीत जाहीर केले. ऐकायच्या मनःस्थितीत तेव्हा होते कोण?

कायद्याचे म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बळाच्या वापराचे दोनच सरळ मार्ग आहेत : सशस्त्र हल्ला झाल्यावर स्वसंरक्षण (कलम ५१), किंवा सुरक्षा परिषदेची परवानगी. दुसऱ्या मार्गासाठी पंधरापैकी नऊ मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणीही नकाराधिकार वापरला तर ठराव पडतो. कुवेतप्रश्नी १९९० च्या ठराव ६७८ मध्ये ‘सर्व आवश्यक उपाय’ योजण्याची मुभा स्पष्ट होती. इराकबाबतच्या २००२ च्या ठराव १४४१ मध्ये फक्त ‘गंभीर परिणामां’चा इशारा होता. परवानगी आहे म्हणणाऱ्या सरकारकडून ठरावाचा क्रमांक आणि नेमके वाक्य मागावे. हल्ला झाला म्हणणाऱ्याकडून जागा, वेळ आणि परिषदेला धाडलेल्या सूचनेची प्रत मागावी. ती ताबडतोब धाडणे कलम ५१ नेच बंधनकारक केले आहे.

इतके विचारले की गोपनीयतेची ढाल पुढे येते. तुर्की संसदेची १ मार्चची बैठकही बंद दाराआडच झाली होती. तरी मते मोजली गेलीच.

आपला,
एक नियमित वाचक